अतिसंवेदनशील व्यक्ती

अतिसंवेदनशील व्यक्ती म्हणजे आवाज, प्रकाश, गंध, स्पर्श, वेदना, इतरांच्या भावना आणि वातावरणातील सूक्ष्म बदल यांची जाणीव सरासरीपेक्षा अधिक तीव्रतेने होणारी आणि त्या जाणिवांवर मनात अधिक खोलवर प्रक्रिया करणारी व्यक्ती होय. मानसशास्त्रात या स्वभावगुणाला संवेदी प्रक्रिया संवेदनशीलता असे म्हणतात. हा आजार किंवा मनोविकार मानला जात नाही. तो उंची किंवा आवाजाची पट्टी यांप्रमाणे माणसामाणसांत कमीअधिक आढळणारा गुण आहे. अनुकूल वातावरणात अशा व्यक्तींना इतरांपेक्षा अधिक लाभ होतो आणि प्रतिकूल वातावरणात अधिक त्रास होतो, हे या गुणाचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे.

संज्ञा

'हायली सेन्सिटिव्ह पर्सन' ही संज्ञा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलेन एरन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे रूढ झाली. मराठीत तिच्यासाठी 'अतिसंवेदनशील व्यक्ती' हा शब्दप्रयोग केला जातो. बोली मराठीत या स्वभावाच्या जवळ जाणारे 'हळवा', 'भावुक', 'मनाला लावून घेणारा' असे शब्द आहेत. मात्र ते केवळ भावनिक बाजू दाखवतात. मानसशास्त्रीय संज्ञेत इंद्रियांची संवेदनशीलता आणि विचारांची खोली यांचाही समावेश होतो. एखादी व्यक्ती चारचौघांत कधीही डोळ्यांत पाणी न आणणारी असूनही या अर्थाने अतिसंवेदनशील असू शकते. वैद्यकशास्त्रातील ॲलर्जी या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या 'अतिसंवेदनशीलता' या शब्दाशी या संज्ञेचा संबंध नाही.

इतिहास

जन्मजात संवेदनशीलतेचा विचार विसाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी काही माणसांच्या ठायी उपजत संवेदनशीलता असते आणि तिच्यामुळे बालपणीच्या अनुभवांचा त्यांच्यावर वेगळा परिणाम होतो, असे मत मांडले होते. १९५०च्या दशकात अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी न्यूयॉर्कमधील बालकांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यात प्रतिसादाचा उंबरठा, म्हणजे मूल प्रतिक्रिया देण्यासाठी किती तीव्रतेचा उद्दीपक लागतो, हा स्वभावाचा एक घटक मानण्यात आला. पुढे जेरोम केगन यांनी नवख्या परिस्थितीत बुजणाऱ्या बालकांवर संशोधन केले.

एलेन एरन आणि त्यांचे पती आर्थर एरन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात संवेदनशीलता हा अंतर्मुखता व भावनिक अस्थिरता यांच्याहून वेगळा गुण असल्याचे प्रतिपादन केले आणि तो मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. त्यानंतर थॉमस बॉइस व ब्रूस एलिस, जे बेल्स्की आणि मायकेल प्लूस या संशोधकांनी बालविकासाच्या अंगाने समांतर सिद्धान्त मांडले. या सर्वांना आज 'पर्यावरणीय संवेदनशीलता' या व्यापक संकल्पनेखाली एकत्र पाहिले जाते.

वैशिष्ट्ये

एरन यांच्या मांडणीनुसार या स्वभावाची चार प्रमुख लक्षणे आहेत.

पहिले लक्षण म्हणजे प्रक्रियेची खोली. अशी व्यक्ती मिळालेली माहिती पूर्वानुभवांशी ताडून पाहते, निर्णय घेण्यापूर्वी थांबते आणि घडून गेलेल्या प्रसंगावर दीर्घकाळ विचार करीत राहते. दुसरे लक्षण म्हणजे अतिउद्दीपन. एकाच वेळी अनेक गोष्टी जाणवत असल्याने गर्दी, गोंगाट किंवा घाई यांमुळे ती लवकर थकते. तिसरे लक्षण भावनिक प्रतिसाद व सहानुभूतीचे आहे. दुसऱ्याचे दुःख, कौतुक, टीका किंवा कलाकृती यांचा मनावर खोल ठसा उमटतो. चौथे लक्षण म्हणजे सूक्ष्म गोष्टींची जाण. बोलणाऱ्याच्या स्वरातील किंचित बदल, खोलीतील मंद वास किंवा हलवून ठेवलेली वस्तू तिच्या चटकन ध्यानात येते.

या लक्षणांपैकी केवळ अतिउद्दीपन बाहेरून सहज दिसते. त्यामुळे अशा व्यक्तीला भित्री, नाजूक किंवा माणूसघाणी समजले जाण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात संवेदनशीलता आणि अंतर्मुखता एकच नाहीत. एरन यांच्या अंदाजानुसार अतिसंवेदनशील व्यक्तींपैकी सुमारे ३० टक्के व्यक्ती बहिर्मुख असतात.

प्रमाण

सुरुवातीच्या लेखनात एरन यांनी हे प्रमाण लोकसंख्येच्या १५ ते २० टक्के सांगितले होते. २०१८ साली फ्रान्चेस्का लियोनेत्ती, मायकेल प्लूस व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांचे दोन नव्हे, तर तीन गट आढळले : सुमारे ३१ टक्के अधिक संवेदनशील, ४० टक्के मध्यम आणि २९ टक्के कमी संवेदनशील. या गटांना अनुक्रमे ऑर्किड, ट्युलिप आणि डँडेलियन या फुलांची नावे देण्यात आली. डँडेलियन हे रानफूल कुठेही उगवते. ऑर्किडला विशिष्ट हवा व ओलावा लागतो, पण तो मिळाल्यास ते उत्तम बहरते. गटांमधील सीमारेषा ठळक नसून संवेदनशीलता ही सलग श्रेणी आहे. स्त्रिया प्रश्नावलीत सरासरीने थोडे अधिक गुण नोंदवतात; त्यामागे सामाजिक अपेक्षांचाही वाटा असू शकतो.

कारणे

जुळ्या किशोरवयीन मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या एका अभ्यासात संवेदनशीलतेतील फरकांपैकी सुमारे ४७ टक्के फरक आनुवंशिक घटकांशी निगडित असल्याचे आढळले. उरलेला भाग व्यक्तीच्या अनुभवांशी आणि वातावरणाशी संबंधित आहे. यासाठी कोणतेही एक जनुक कारणीभूत नसते. अनेक जनुकांचा अल्प अल्प परिणाम एकत्र येतो.

मेंदूच्या प्रतिमांकनावर आधारित अभ्यासांतूनही काही दुवे मिळाले आहेत. २०११ साली यादझिया यागेलोविच व सहकाऱ्यांना असे आढळले की, दोन चित्रांतील सूक्ष्म फरक शोधताना संवेदनशील व्यक्तींच्या मेंदूतील दृश्य माहितीवर प्रक्रिया करणारे भाग अधिक सक्रिय होतात. २०१४ साली बियांका असेव्हेदो यांच्या अभ्यासात जोडीदाराचे व अनोळखी व्यक्तींचे आनंदी किंवा दुःखी चेहरे पाहताना जाणीव, सहानुभूती आणि कृतीचे नियोजन यांच्याशी संबंधित भागांत अधिक हालचाल दिसली. या अभ्यासांतील सहभागींची संख्या अल्प होती.

उत्क्रांतीच्या दृष्टीने हा गुण टिकून राहण्याचे स्पष्टीकरण २००८ साली मॅक्स वोल्फ व सहकाऱ्यांनी गणिती प्रारूपाद्वारे दिले. परिस्थितीचे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या जीवाला इतरांच्या नजरेत न आलेले अन्न किंवा धोका कळतो. परंतु सर्वच जीव तसे झाल्यास त्या माहितीचा लाभ उरत नाही. शिवाय निरीक्षणाला वेळ व ऊर्जा लागते. म्हणून असे जीव समूहात अल्पसंख्य राहतात.

वातावरणाचा परिणाम

संवेदनशीलता म्हणजे केवळ दुबळेपणा नव्हे, हे दाखवणारे संशोधन विशेष महत्त्वाचे मानले जाते. २०१५ साली प्लूस व इलोना बोनिवेल यांनी लंडनच्या एका वंचित भागातील शाळकरी मुलींसाठी राबवलेल्या नैराश्य-प्रतिबंधक कार्यक्रमाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात नैराश्याची लक्षणे घटल्याचा परिणाम अधिक संवेदनशील मुलींमध्येच दिसून आला. कमी संवेदनशील मुलींना तसा लाभ झाला नाही. याचा अर्थ, ज्या गुणामुळे कठोर बोलणे अधिक लागते, त्याच गुणामुळे चांगले शिक्षण व आधारही अधिक रुजतो.

समाजाची मूल्येही या संदर्भात निर्णायक ठरतात. शिनयिन चेन आणि सहकाऱ्यांना १९९०च्या सुमारास शांघायमधील लाजाळू व संवेदनशील मुले सवंगड्यांत व शिक्षकांत मान्यता मिळवणारी आढळली. कॅनडातील तशाच मुलांना मात्र वर्गमित्रांकडून स्वीकार मिळत नव्हता. चीनमधील अर्थव्यवस्था स्पर्धात्मक झाल्यानंतर, २००२ साली शांघायमध्येच हाच स्वभाव नापसंतीशी व नैराश्याशी जोडला गेला. मुलांचा स्वभाव तोच होता, त्याकडे पाहणारी दृष्टी बदलली होती.

इतर अवस्थांपासून वेगळेपण

अतिसंवेदनशीलतेचा समावेश अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात नाही. तथापि इंद्रियजन्य त्रास अनेक अवस्थांत आढळतो. स्वमग्नतेत संवेदनांना अधिक किंवा कमी प्रतिसाद मिळणे हे निदानाच्या निकषांपैकी एक आहे. पण स्वमग्नतेत सामाजिक संवादातील अडचणी व ठरावीक वर्तनाची पुनरावृत्तीही असते. चिंताविकार, आघातोत्तर तणाव, अवधान-अस्थिरता, अर्धशिशी आणि कानाचे काही विकार यांतही आवाज किंवा प्रकाश सहन होत नाही. हा स्वभावगुण लहानपणापासून असतो. त्यामुळे आवाज, वास वा प्रकाश यांचा त्रास प्रौढपणी अचानक सुरू झाल्यास तो स्वभाव समजून सोडून न देता वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते.

मराठी समाज व संस्कृती

भारतीय साहित्यशास्त्रात कलाकृतीशी एकरूप होऊ शकणाऱ्या रसिकाला 'सहृदय' म्हटले असून अभिनवगुप्ताच्या रसविचारात या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. संवेदनशीलतेच्या आधुनिक प्रश्नावलीतील सौंदर्यविषयक संवेदनशीलता हा घटक या कल्पनेच्या जवळ जाणारा आहे.

मराठी मनात हळव्या स्वभावाची प्रतिमा प्रामुख्याने पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी (१८९९–१९५०) यांच्याशी निगडित आहे. 'श्यामची आई' या त्यांच्या पुस्तकामुळे ही प्रतिमा घरोघरी पोहोचली. अमळनेर येथे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगला, १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे यासाठी उपोषण केले आणि १९४८ साली 'साधना' साप्ताहिक सुरू केले. दिवंगत व्यक्तीला मानसशास्त्रीय नाव चिकटवणे योग्य नव्हे. तथापि हळवेपणा आणि निर्धार एकाच माणसात नांदू शकतात, याचे उदाहरण म्हणून त्यांच्या जीवनाकडे पाहता येते. 'मुलासारखा मुलगा असून रडतोस काय' यांसारख्या रूढ बोलण्यातून मात्र मुलग्यांच्या संवेदनशीलतेला आजही घरातच अटकाव होतो.

शहरी वातावरण आणि माहुलचे उदाहरण

दाट वस्तीची शहरे अतिसंवेदनशील व्यक्तींसाठी कठीण असतात. मुंबईत उपनगरी रेल्वेची गर्दी, बांधकामांचे आवाज, भोंगे, ध्वनिवर्धक आणि छोट्या घरांतील एकांताचा अभाव हे घटक एकत्र येतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबात 'शांत खोलीत जाऊन विश्रांती घ्यावी' हा पाश्चात्त्य पुस्तकांतील सल्ला अमलात आणता येत नाही. त्यामुळे संवेदनशीलतेचा विचार निवाऱ्याच्या व सार्वजनिक जागांच्या प्रश्नापासून तोडता येत नाही.

संवेदनशीलता आणि प्रत्यक्ष हानी यांतील फरक समजण्यासाठी चेंबूरलगतच्या माहुल या परिसराचे उदाहरण उपयुक्त आहे. मूळचे कोळीवस्तीचे हे गाव खाडीच्या काठी असून शिवडी–माहुलच्या चिखलपट्ट्यांवर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. १९५०च्या दशकापासून या भागात तेलशुद्धीकरण कारखाने आणि पुढे खत व रासायनिक उद्योग, तसेच साठवण टाक्या उभ्या राहिल्या. येथे प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या सातमजली इमारतींत २०१७ नंतर तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून हटवलेल्या कुटुंबांना पाठवण्यात आले. उग्र वास, डोळ्यांची जळजळ व श्वास लागणे अशा तक्रारी येथील रहिवासी सातत्याने करीत आले.

केईएम रुग्णालयाने २०१३ साली माहुल व आंबापाडा येथे केलेल्या पाहणीत ६७.१ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागत असल्याचे, ८६.६ टक्के रहिवाशांनी डोळ्यांची जळजळ होत असल्याचे आणि ८४.५ टक्के रहिवाशांनी छातीत गुदमरल्यासारखे होत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली येथील हवेच्या गुणवत्तेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नमूद केले. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला राहण्यास तयार नसलेल्या जलवाहिनीग्रस्त कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

ही आकडेवारी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट करते. कोणत्याही लोकसमूहात अधिक संवेदनशील व्यक्ती साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या असतात. एखाद्या वस्तीतील दहांपैकी आठ-नऊ जण एकच तक्रार करतात, तेव्हा तिचे कारण त्यांच्या स्वभावात नव्हे, तर हवेत शोधावे लागते. अशा ठिकाणी संवेदनशील व्यक्तीला त्रास इतरांच्या आधी किंवा अधिक जाणवू शकतो. पण म्हणून तो काल्पनिक ठरत नाही. 'तुम्हीच फार नाजूक आहात' असे म्हणून प्रदूषणाची तक्रार फेटाळणे हा संवेदनशीलतेच्या संकल्पनेचा गैरवापर होय. त्याचप्रमाणे विषारी हवेवर श्वसनाचे व्यायाम हा उपाय होऊ शकत नाही.

जुळवून घेण्याचे मार्ग

वैयक्तिक उपाय. स्वतःचा स्वभाव ओळखणे ही पहिली पायरी मानली जाते. कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कशामुळे थकवा येतो याची काही आठवडे नोंद ठेवल्यास त्रासाचे ठरावीक कारण लक्षात येते. पुरेशी झोप, वेळेवर जेवण आणि चहा-कॉफीचे मर्यादित प्रमाण यांमुळे उत्तेजनाची पातळी आटोक्यात राहते. शक्य असल्यास गर्दीच्या वेळा टाळणे, कानात बोळे घालणे, गजबजलेल्या समारंभात मध्येच काही मिनिटे बाहेर जाणे आणि दोन मोठ्या कामांत मोकळा वेळ राखणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. घरात स्वतंत्र खोली नसल्यास वाचनालय, बाग, देवळाचा सभामंडप किंवा पहाटेची शांत वेळ यांचा आधार घेता येतो. मात्र त्रास होतो म्हणून प्रत्येक गोष्ट टाळत गेल्यास जग आक्रसते आणि भीती वाढते. म्हणून विश्रांती आणि सहभाग यांचा तोल राखणे आवश्यक असते.

विचारांची शिस्त. 'मला आवाजाचा त्रास होतो' हे वास्तव आहे. 'मला त्रास होतो, म्हणून मी कुचकामी आहे' हा निष्कर्ष आहे. या दोहोंत फरक करण्यास अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती साहाय्य करते. महाराष्ट्रात या पद्धतीचा प्रसार मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी मराठी लेखनाद्वारे केला. टीका झाल्यावर ती लगेच स्वीकारणे वा नाकारणे टाळून 'विचार करून उद्या सांगतो' असे म्हणणे, ही संवेदनशील व्यक्तीच्या प्रक्रियेच्या गतीला साजेशी सवय आहे.

पालक व शाळा. संवेदनशील मुलाला मोठ्याने रागावण्याची गरज सहसा पडत नाही; शांतपणे सांगितलेले त्याला पुरेसे कळते. नव्या शाळेत किंवा स्नेहसंमेलनासारख्या प्रसंगी काय घडणार आहे याची आधी कल्पना दिल्यास त्याची भीती कमी होते. कपड्यांची टोचणारी पट्टी किंवा डब्यातील भाजीचा वास यांविषयीची तक्रार हट्ट समजण्यापूर्वी तपासून पाहणे योग्य ठरते. दुसरीकडे, मुलाला सर्व अडचणींपासून दूर ठेवणेही हितावह नसते. छोट्या पावलांनी मिळालेल्या यशातून आत्मविश्वास वाढतो. वर्गासमोर केलेली थट्टा अशा मुलाला दीर्घकाळ लागून राहू शकते.

कामाचे ठिकाण. बारकावे टिपणे, चुका वेळीच ओळखणे, ग्राहकाची किंवा रुग्णाची अडचण न सांगता समजणे ही या स्वभावाची बलस्थाने आहेत. कोणी मागे उभे राहून पाहत असताना किंवा एकाच वेळी अनेक कामे अंगावर आल्यास मात्र कामगिरी खालावते. बसण्याची जागा बदलणे आणि कामांचा क्रम आधी ठरवणे या किरकोळ सवलतींनी मोठा फरक पडू शकतो.

सार्वजनिक उपाय. भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल ही कमाल मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई असून राज्य शासनाला वर्षातील कमाल १५ दिवस रात्री १२ वाजेपर्यंत सवलत देता येते. कुर्ला येथील रहिवाशांच्या याचिकेवर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी असे निर्देश दिले. शेजाऱ्यांचा रोष ओढवेल या भीतीने गप्प राहणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्देश महत्त्वाचा आहे.

व्यावसायिक मदत. संवेदनशीलतेवर उपचाराची गरज नसते. परंतु झोप उडणे, सतत उदास वाटणे, कामावर वा शाळेत जाणे अशक्य होणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे असल्यास मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तीत प्रादेशिक भाषांतही संवाद साधता येतो.

टीका आणि मर्यादा

या संकल्पनेवर काही आक्षेप घेतले जातात. एरन यांच्या प्रश्नावलीतील बरेच प्रश्न त्रासाविषयी असल्याने ती काही अंशी भावनिक अस्थिरता मोजते, असा एक आक्षेप आहे. २००६ साली कॅथी स्मोलेव्स्का व सहकाऱ्यांनी या प्रश्नावलीत चटकन उत्तेजित होणे, संवेदनांचा उंबरठा कमी असणे आणि सौंदर्यविषयक संवेदनशीलता असे तीन घटक दाखवून दिले. त्यांपैकी पहिले दोन घटक त्रासाशी, तर तिसरा अनुभवांविषयीच्या खुलेपणाशी अधिक निगडित आहे. बहुतांश संशोधन युरोप-अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर झाले असून सहभागींनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर ते अवलंबून आहे.

लोकप्रिय लेखनात अतिसंवेदनशील व्यक्तीला विशेष प्रतिभावान ठरवण्याची प्रवृत्तीही दिसते. तिला संशोधनाचा आधार नाही. इतरांच्या भावना तीव्रतेने जाणवणे आणि इतरांशी चांगले वागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वभावाने मिळते, दुसरी शिकावी लागते.

वर्ग : मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व, मानसिक आरोग्य